आधी पाणी लावा

आमच्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. सकाळी फॅट मोजायच्या यंत्रात दुधाच्या आधी पाणी लावायचं. साधं, स्वच्छ पाणी. पाण्याची फॅट शून्य आली तरच त्या दिवशीचं दूध तपासायला घ्यायचं. दुसरं काही आलं तर यंत्र कालच्या दुधाचं काहीतरी पोटात घेऊन बसलंय, ते आधी धुवायचं. नव्या पोरी कंटाळतात. "मॅडम, रोज शून्यच येतंय की," म्हणतात. मी म्हणते, ज्या दिवशी येणार नाही त्या एका दिवसासाठी रोज लावायचं. माघारी त्या मला 'पाणीवाली' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणू देत.

मी सुप्रभा चौगुले, राहणार जयसिंगपूर. माझा धाकटा भाऊ अभिनंदन मगदूम कृष्णेच्या काठी, शिरोळच्या पुढं आमच्या गावी असतो. चार म्हशी, थोडा ऊस, बायको रोहिणी आणि एकुलती एक लेक त्रिशला. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यानं मला ओवाळणीत 'राखण' घातली. जाहिरातच तशी होती: बहिणीला साडी नको, राखण द्या. जोडीनं घेतलं तर स्वस्त, म्हणून घरातल्या सगळ्यांनीच घेतली.

राखण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. दंडाच्या कातडीखाली बसवतात. ते रक्तातली पाच-सहा द्रव्यं अहोरात्र मोजतं आणि फोनवर रंग दाखवतं. हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की इस्पितळाला आपोआप कळतं आणि तारीख पडते. आपण विचारायचं काही उरत नाही. पहिले काही महिने गावात एकमेकांना 'राम राम'च्या जागी रंग विचारायची पद्धत पडली होती. मला हसू यायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथं तर लोकांनी पैसे देऊन तो दंडात बसवून घेतला होता.

मग अभिनंदनचं लायपेज लाल झालं.

लायपेज हे नाव मला दुधामुळे आधीपासून माहीत. दुधातलं हेच द्रव्य लोणी खवट करतं. माणसात ते पोटामागच्या स्वादुपिंडात तयार होतं, आतड्यात उतरतं आणि खाल्लेलं तूप-तेल फोडतं. त्यातलं किंचित रक्तात झिरपतं आणि मूत्रपिंडं ते गाळून संपवतात. स्वादुपिंडाला सूज आली, पित्ताचा खडा नळीत अडकला, रक्तातली चरबी फार वाढली, दारू झाली, काही औषधं बाधली, आतड्याचं दुखणं झालं, मूत्रपिंडंच थकली किंवा कर्करोग झाला, यांतल्या कशानंही रक्तातला आकडा चढतो. आकडा एकच, कारणं डझनभर. आमच्या लहानपणी डॉक्टर आकडा बघून विचारायचे, पोटात दुखतं का, कळ पाठीत जाते का, कुठली गोळी चालू आहे का. राखणीला असलं विचारायला तोंडच नव्हतं. आणि डॉक्टरांनीही हळूहळू विचारणं सोडलं.

त्याला कारणही होतं, नाही असं नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग कळतो तेव्हा बहुतेकदा वेळ निघून गेलेली असते. म्हणून मग असं ठरलं, की आकडा बरेच महिने लाल राहिला तर रोग दिसायची वाट बघायचीच नाही, स्वादुपिंडच काढून टाकायचं. अभिनंदनचं काढलं. काढलेलं स्वादुपिंड तपासायला गेलं आणि अहवाल आला: रोग आढळला नाही. रोहिणीनं गावभर पेढे वाटले. रोग व्हायच्या आत काढलं, वेळेत काढलं, असं डॉक्टर म्हणाले. मीही पेढा खाल्ला.

पण स्वादुपिंडाविना माणूस जगायचा तर त्याला आयुष्यभर इन्सुलिन टोचावं लागतं आणि प्रत्येक जेवणाबरोबर पाचक द्रव्यांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्या डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. बुरशीपासून केलेल्याही मिळतात, पण त्यांनी त्याचं अन्न पचेना. खाल्लेलं तसंच बाहेर पडायचं, माणूस चिपाडासारखा झाला. शेवटी त्यानं ती गोळी घेतली.

आम्ही जैन. आमच्या घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही, दिवस मावळल्यावर कुणी घास तोंडात घालत नाही. आईच्या वेळेपासून पाणी गाळून प्यायचं. त्या घरात माझा भाऊ ती गोळी घ्यायला लागला. कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. त्यानंच आपलं ताट स्वयंपाकघरातून बाहेर, दर्शनी सोप्यावर नेलं. गोळ्यांची डबी सोप्यावरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवायची, तिथंच जेवायचं, तिथंच चूळ भरायची. तो गोळी तोंडात टाकायचा तेव्हा आम्ही मान फिरवायचो. त्याला बरं वाटावं म्हणून, असं आम्ही स्वतःला सांगायचो.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्रिशला लाल झाली. एकोणीस वर्षांची पोर, सांगलीला शिकते, खो-खो खेळते, दोन भाकऱ्या ज्यादाच खाते. बापाचं काढलेलं असलं की लेकीला महिनेमहिने थांबवत नाहीत; तिचं स्वादुपिंड काढायची भाऊबीजेनंतर दोनच दिवसांनीची तारीख पडली.

भाऊबीजेला मी गेले तेव्हा तिनंच दार उघडलं. "आलीस व्हय आत्ती? मी आज पोटभर खाणार हाय, आधीच सांगतो." आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल 'खातो-जातो'च म्हणतात. हसत होती, पण हात गार पडला होता. नंतर परसात तिनं मला हळूच विचारलं, "आत्ती, पप्पांच्यासारखं मलाबी सोप्यावर बसून जेवायला लागंल काय?"

मी म्हणाले, "काहीतरीच काय बोलतीस?"

अभिनंदन पाटावर बसला. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका वाळलेला. मी टिळा लावायला वाकले आणि पाटाशेजारी ठेवलेला त्याचा फोन उजळला. मला स्पष्ट दिसलं: अभिनंदन मगदूम, लायपेज, लाल. त्यानं झटकन फोनवर टॉवेल टाकला. मी ओवाळणं पुरं केलं. रोहिणी मागंच उभी होती.

तो म्हशींच्या धारा काढायला गेला तशी मी त्याला गोठ्यात गाठलं.

"कधीपासून लाल हाय?"

"ऑपरेशन झाल्यापासनं. उतरलंच न्हाई." त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही. "रोहिणीच्या फोनवर दिसू नये अशी सोय केलीय मी. डॉक्टर म्हणतात, आधीच कुठंतरी पसरलं असंल. अक्का, माझं काय खरं न्हाई. म्हणून तर त्रिशलाचं लवकर उरकू म्हणतोय. माझ्या वेळी उशीर झाला, तिचं तरी वेळेत होऊ दे."

भाऊ मरायला लागला होता आणि त्यानं ते एकट्यानं अंगावर घेतलं होतं. कोपऱ्यात दुधाची घागर पालथी घातली होती. मी उगीच तिच्याकडं बघत राहिले. मग रोज सकाळचं काम डोक्यात आपसूक यावं तसा तो विचार आला.

"अभि, तुझं स्वादुपिंड सगळं काढलंय?"

"सगळं."

"मग हे लायपेज कोण तयार करतंय?"

"सांगितलं की. पसरलेला रोग."

"पसरलेला रोग असंल तर आकडा वाढत जाईल. निदान हलंल तरी. दाखव मला."

त्यानं फोन दिला. आधीची रेघ, ऑपरेशन, नंतरची रेघ. पट्टी लावून ओढावी तशी सरळ. सणाला हलली नाही, उपवासाला नाही, स्वादुपिंड असताना नाही, नसताना नाही. भरल्या घागरीत आणि रिकाम्या घागरीत पट्टी तेवढीच भिजलेली दिसत असेल, तर घागरीत काय आहे हे विचारण्यात अर्थच नाही.

"अभि, तुझ्यात आता लायपेज करणारं काहीच न्हाई," मी म्हणाले. "यंत्राला पाणी लावतो आम्ही तसं झालंय हे. आणि पाण्यावर यंत्र लाल दाखवतंय."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो आनंदेल असं मला वाटलं होतं, इतकी मी बावळट. तो माझ्यावर ओरडला.

"गप्प बस अक्का! तू काय बोलतीयास तुला कळतंय का? मला रोग हाय. रोगच असू दे." गोठ्याच्या दारातून त्याची नजर सोप्यावरच्या देवळीकडं गेली.

"आणि त्रिशलाला?" मी विचारलं.

म्हशीनं शेपटी हलवली, माशा उठल्या, परत बसल्या. तो म्हणाला, "कुणाकडं जायचं?"

मिरजेच्या एका इस्पितळात डॉक्टर देशिंगकर पॅथॉलॉजिस्ट आहेत. पूर्वी आमच्या संघातल्या लोकांची तपासणी तेच करायचे. काढलेली स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली तेच बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि तो हातातच ठेवला.

"एक गोष्ट असते," ते म्हणाले. "लायपेज लहान असतं, म्हणून मूत्रपिंडातून गाळलं जातं. पण कधीकधी शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. ती लायपेजला चिकटते. मग ती जोडगोळी एवढी मोठी होते, की गाळणीतून जातच नाही. रक्तात नुसती साठत राहते. आकडा चढलेला, आणि रोग काहीच नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा ही तपासणी होती. एक द्रव मिसळायचा, मोठं ते खाली बसतं, लहान ते वर राहतं."

"दूध नासवल्यासारखं," मी म्हणाले. "साका खाली, निवळी वर."

"तसंच. पण हे फार क्वचित सापडायचं, म्हणून नंतर कुणी बघेना." ते थांबले. "माझ्याकडं जितकी स्वादुपिंडं आली, तितक्या जणांना हे व्हायचं कारण नव्हतं."

त्यांनी अभिनंदनचं रक्त काढलं. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं जुनं सामान होतं. आम्ही बाहेर बसलो. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तो तसाच गार झाला. ते नळी हातात घेऊन बाहेर आले.

"वरच्या निवळीत जवळजवळ काहीच नाही. सगळं खाली बसलं. मगदूम, तुमच्यात रोग पसरलेला नाही. तुम्ही मरत नाही आहात."

मी विचारलं, "अँटीबॉडी आली कुठनं?"

"राखणीला आपलं मोजमाप बरोबर आहे का ते ताडून बघावं लागतं. त्यासाठी त्या दाण्यात लायपेजचाच एक कणभर साठा भरलेला असतो." पुढचं ते सांगेनात. मला ते कळलं. आमच्याकडंही यंत्राशेजारी प्रमाण दुधाची बाटली असते. तीच गळायला लागली तर?

"ज्यांचं शरीर असल्या गोष्टीवर चिडतं, त्यांच्यात हे होणार," ते म्हणाले. "आणि चिडण्याचा गुण बापाकडून लेकीत उतरतो. आम्ही त्याला आनुवंशिक धोका म्हणत होतो." मग ते माझ्याकडं बघून बोलू लागले, पण सांगत होते स्वतःलाच. "माझ्याकडं आलेलं प्रत्येक स्वादुपिंड निरोगी होतं. प्रत्येक वेळी मी लिहिलं, रोग आढळला नाही. लोक पेढे घेऊन यायचे हो."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात. इथं म्हशीलाही रोग नव्हता.

"दाणा काढून द्या," अभिनंदन एकदम म्हणाला.

"काढला तर राखणीच्या योजनेतून नाव जाईल. मग कुठलंही मोठं इस्पितळ दारात उभं करणार नाही."

"काढा."

काटा काढावा तसा त्यांनी तो काढला आणि एका लहान बाटलीत घालून दिला. दारापर्यंत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माझं नाव सध्या नको. मला थोडा वेळ द्या." मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रोहिणी त्रिशलाची पिशवी भरत होती, कारण सकाळी निघायचं होतं. अभिनंदननं तिला सोप्यावर बोलावलं, बसवलं आणि सरळ सांगितलं, "माझं अजून लालच हाय."

ती किंचाळली. तिला वाटलं रोग परत आला. तिला समजावता समजावता माझा घसा बसला. आणि समजलं तेव्हा ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच कुणालातरी मारलं होतं.

"वन्स, तुमचं हिरवं हाय. तुम्हाला सगळं सोपं वाटतंय. उद्या माझ्या पोरीला काय झालं तर तुम्ही येणार हाय काय भरून द्यायला? मोठमोठे डॉक्टर येडे, आणि दूध तपासणारी शहाणी व्हय?"

तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते.

अभिनंदननं स्वयंपाकघरातून एक वाटी मागवली. त्रिशलानं आणली. तिच्यात चमचाभर पाणी घेतलं, गाळलेलं. बाटलीतला दाणा त्या पाण्यात टाकला आणि फोन शेजारी ठेवला. दाण्याच्या लेखी तो अजून माझ्या भावाच्या दंडातच होता.

फोनवर शून्य आलं. हिरवा रंग.

"बघा," रोहिणी म्हणाली. "बघा, यंत्र बरोबर हाय."

मी चुकले असेन तर? उद्या पोरीला माझ्या शब्दावर घरी ठेवलं आणि तिच्यात खरंच काही असलं तर? वाटीतलं पाणी स्थिर होतं. रस्त्यावरून संघाची दुधाची गाडी गेली. त्रिशला आईच्या मागं उभी राहून नखं खात होती. कुणीच उठेना.

मग आकडा हलला. एक, चार, अकरा. सावकाश, पण थांबेना; दाण्यातलाच साठा पाण्यात गळत होता. हिरव्याचा पिवळा झाला. रोहिणीनं वाटी उचलून उजेडात धरली, त्या पाण्यात काहीतरी दिसेल म्हणून. तिथं पाणीच होतं. आणि पिवळ्याचा लाल झाला.

शून्यावरून असा बघता बघता लाल झाला की तारखेऐवजी गाडीच येते. फोन वाजला. इस्पितळाचा ठरावीक गोड आवाज सोप्यावर घुमला. "अभिनंदन मगदूम, तुमची स्थिती गंभीर आहे. गाडी निघाली आहे. कृपया रुग्णाला उपाशी ठेवा."

चमचाभर पाण्यासाठी गाडी निघाली होती.

रोहिणीनं वाटी खाली ठेवली. त्रिशलाचा दंड तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला, दाणा जिथं होता तिथंच. "उद्या न्हाई जायचं," ती म्हणाली. "न्हाई जायचं. हे आधी काढा हिच्यातनं." त्रिशला रडायला लागली. कालपासून धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. माझा हातही माझ्या दंडाकडं गेला. तिथलं हिरवं आजवर मला कधी टोचलं नव्हतं. शेजारच्या पाटलांच्या घरात सहा दंड आहेत. पलीकडं खोतांच्या घरात चार, त्यांतल्या म्हातारीची तारीख पुढच्या आठवड्यात. गल्लीत, गावात, तालुक्यात कुणीही पाणी लावून बघितलेलं नव्हतं.

अभिनंदन मात्र वाटीकडं बघत होता.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "मग मी हे वर्षभर कशासाठी खाल्लं गं?"

मी वाटी त्याच्यासमोरून बाजूला सरकवली.

दिवस मावळायला आला होता. त्याला जेवायला हवं होतं, आणि जेवायचं तर गोळी हवी होती. आजही, उद्याही, जिवंत असेपर्यंत. रोग नव्हता हे कळल्यानं स्वादुपिंड परत येत नाही. रोहिणी डोळे पुसत आत गेली. त्याचं ताट घेऊन येईल असं वाटलं, ती चौघांची ताटं घेऊन आली आणि सोप्यावरच मांडली. त्रिशला बापाच्या अगदी शेजारी बसली.

लांब कुठंतरी गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला.

अभिनंदननं देवळीतून डबी काढली. गोळी तळहातावर घेतली, क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि तोंडात टाकली. त्या दिवशी आम्ही कुणीच मान फिरवली नाही.